शंभर अंकी संख्येचे अवयव पाडायला बसण्याआधी

शाळेत २, ३, ५, ७ असं भागत जाऊन मूळ अवयव पाडायला शिकवतात. संगणक हाताशी असेल तर पंधरा-सोळा अंकांपर्यंत तेच रेटलं तरी भागतं. पुढे दोन चुका सतत होतात. कुणी भागाकारच करत बसतं. कुणी इंटरनेटवर वाचून पहिल्याच दिवशी सगळ्यात मोठं हत्यार काढतं आणि आठवडाभर मशीन तापवतं, आणि शेवटी निघतो तेरा अंकी अवयव, जो सुरुवातीच्याच एखाद्या सोप्या पद्धतीत काही सेकंदांत हाती लागला असता.

क्रम कशावर ठरतो ते आधी पक्कं करा. ऱ्हो, पी-वजा-एक आणि ईसीएम (एलिप्टिक कर्व्ह मेथड) या अवयव शोधणाऱ्या पद्धती पुढे एकेक करून येतील; त्यांना लागणारा वेळ मुख्यतः लपलेल्या अवयवाच्या आकारावर ठरतो, पूर्ण संख्या किती लांब आहे याचा भाग त्यात कमी. चाळणीच्या पद्धतींचं (पायरी ८) उलट आहे. त्यांना अवयव लहान असो की मोठा, वेळ तेवढाच लागतो. संख्येची एकूण लांबीच तो ठरवते. म्हणून पहिल्या गटातल्या पद्धती लहानापासून चढत्या क्रमाने वापरायच्या आणि चाळणी अगदी शेवटी.

हे सगळं ८० ते १५५ अंकी संख्यांसाठी, घरच्या किंवा कॉलेजच्या लॅबमधल्या एका मशीनसाठी लिहिलं आहे. सांकेतिक संदेशांसाठी वापरतात ती २०४८ बिटांची आरएसए संख्या ६१७ अंकी असते, तिच्या वाटेला जाऊ नका. फेब्रुवारी २०२० मध्ये फुटलेली आरएसए-२५० ही २५० अंकी संख्या ८२९ बिटांची आहे आणि तिला सुमारे २,७०० कोअर-वर्षं लागली.

१. मशीन आणि जागा

चार हत्यारं, म्हणजे प्रोग्राम, बसवून घ्या: पारी/जीपी (संख्यांच्या गणितासाठी), जीएमपी-ईसीएम (ईसीएमसाठी), याफू (क्वाड्रॅटिक चाळणीसाठी) आणि काडो-एनएफएस (नंबर फील्ड सीव्ह, म्हणजे मोठ्या संख्यांच्या चाळणीसाठी). लिनक्सवर सगळी सरळ चालतात. याफू बसवल्यावर त्याची ट्यून आज्ञा एकदा चालवा. तुमच्या मशीनवर एका चाळणीतून दुसऱ्या चाळणीत किती अंकांना जायचं हे त्यातून ठरतं. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग याफू दुसऱ्याच मशीनच्या हिशेबाने निर्णय घेत राहतो.

१२० अंकांपर्यंत १६ जीबी रॅम पुरते. १५० च्या आसपास जायचं असेल तर ३२ जीबी रॅम आणि डिस्कवर १०० जीबी तरी मोकळी जागा ठेवा. लॅमिंग्टन रोडवरून जुनं ऑफिस-मशीन घेतलं असेल तर पहिलं काम म्हणजे रात्रभर मेमटेस्ट. रॅमचा एखादा बिट उलटला तर गाणी ऐकताना कळणारही नाही, पण दहा दिवसांच्या गणितात तो शेवटच्या पायरीला सगळं मातीत घालतो. ओव्हरक्लॉक आणि रॅमचं वाढीव प्रोफाइल बायोसमध्ये जाऊन बंद करा.

मुंबईत उष्णता आणि दमटपणा ही खरी अडचण. मे महिन्यात बंद खोलीत सगळे कोअर पूर्ण भाराने चालवले की मशीन स्वतःच वेग कमी करतं. लॅपटॉप गादीवर ठेवू नका. टेबलावर ठेवा, मागची बाजू दोन पुस्तकांवर उचलून, हवा खेळेल अशी. पावसाळ्यात पंख्याच्या पात्यांवर धूळ ओली होऊन चिकटते. जूनआधी एकदा साफ करून घ्या.

तपासा: दोन तास पूर्ण भार देऊन घड्याळाचा वेग बघा. तो सतत खाली येत असेल तर दोन थ्रेड कमी करा. सहा थ्रेड स्थिर चाललेले बरे, आठ धापा टाकणारे नकोत.

विजेचा हिशेबही आधीच करा. १५० वॉट खाणारं मशीन दिवसाला ३.६ युनिट घेतं, महिन्याला १०८. घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात, त्यामुळे घरचा वापर आधीच २५० असेल तर तुम्ही वरच्या स्लॅबमध्ये गेलात. घरात आधी सांगून ठेवा. ६०० व्हीएचा छोटा यूपीएस मशीन नीट बंद करण्यापुरता वेळ देतो, तेवढाच हवा असतो.

२. संख्या नीट उतरवा

हास्यास्पद वाटेल, पण सर्वाधिक वेळ इथेच वाया जातो. शंभर अंकांतला एक अंक चुकला तर तुम्ही वेगळ्याच संख्येचे अवयव पाडता, आणि ते बरोबरही येतात.

पीडीएफमधून उचललेल्या संख्येत ओळ तुटते तिथे जोडरेघ किंवा मोकळी जागा घुसते. स्वल्पविराम काढा. एक्सेलमध्ये संख्या चिकटवू नका. पंधरा अंकांनंतरचे सगळे अंक तो शून्य करतो आणि चकार शब्द काढत नाही. देवनागरी अंक पायथॉन वाचतो, पण जीएमपीवर उभी असलेली हत्यारं ते घेत नाहीत, त्यामुळे पुढे देण्याआधी इंग्रजी (0-9) अंकांत बदला.

तपासा: अंक मोजा, मग नवाचा ताळा घ्या, म्हणजे मूळ स्रोतातल्या आणि तुमच्या फाइलमधल्या संख्येला ९ ने भागून बाकी जुळवा. नवाच्या ताळ्यात शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल पकडली जात नाही, त्यासाठी ११ ने भागूनही बाकी बघा.

३. मूळ आहे का, पूर्ण घात आहे का

संख्या मूळच असेल तर पुढची सगळी मेहनत फुकट. पारीमध्ये क्षणात कळतं. स्वतःचा प्रोग्राम लिहीत असाल तर फक्त फर्माच्या कसोटीवर (एखादा आधार घेऊन त्याच्या न − १ व्या घाताला न ने भागून बाकी १ येते का ते बघणं) विसंबू नका: २ हा आधार घेतला तर ३४१ त्यातून सुटते, आणि ती ११ × ३१ आहे. ५६१ तर तिच्याशी सामाईक अवयव नसलेल्या प्रत्येक आधाराला फसवते.

मग वर्ग, घन किंवा त्याहून वरचा पूर्ण घात आहे का ते बघा. एखाद्या मूळ संख्येचा वर्ग चाळणीत घातला तर चाळणी कधीच उत्तर देणार नाही. पायथॉनमध्ये वर्गमूळ काढताना घातांक ०.५ वापरू नका. दशांश चिन्हाचे आकडे सोळा अंकांच्या आसपासच विश्वासाचे असतात. मॅथ मॉड्यूलमधलं पूर्णांकी वर्गमूळ घ्या.

याच बैठकीत फर्माची वर्गांच्या फरकाची युक्तीही करून टाका. १०,२२,११७ घ्या. तिच्याहून मोठा पहिला वर्ग १०११², म्हणजे १०,२२,१२१. फरक ४, म्हणजे २². झालं: १००९ × १०१३. दोन अवयव एकमेकांना अगदी खेटून असतील तर शंभर अंकी संख्याही अशी पहिल्या काही पावलांत फुटते. दहा लाख पावलं द्या आणि सोडून द्या.

४. संख्येची जन्मकुंडली बघा

संख्या कुठून आली? २^न − १ किंवा १०^न + १ अशा घराण्यातली असेल तर अर्धं काम बीजगणितच करतं. १५ एकांची संख्या, म्हणजे १११११११११११११११, हिला १११ आणि १११११ या दोघांनी निःशेष भाग जातो, कारण १५ ला ३ आणि ५ भागतात. घातांक मूळ असेल, समजा ६७, तर २^६७ − १ च्या प्रत्येक मूळ अवयवातून १ वजा केला की १३४ ने भाग जातो. बाकीचे भाजक तपासायचेच नाहीत.

फॅक्टरडीबी या खुल्या साठ्यात संख्या टाकून बघा. कुणीतरी आधीच फोडलेली असते.

५. भागाकार आणि ऱ्हो

दहा लाखांपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागा, एक कोटीच्या पुढे जाऊ नका. मग पोलार्डची ऱ्हो: क्ष² + क हे सूत्र पुन्हा पुन्हा चालवायचं आणि निघालेल्या संख्यांमधल्या फरकाचा दिलेल्या संख्येशी मसावि काढत जायचं. तिला अवयवाच्या वर्गमुळाइतकी पावलं लागतात, म्हणजे दहा-अकरा अंकी अवयवाला एक ते तीन लाख. त्यापुढे ईसीएम स्वस्त.

ऱ्होमध्ये प्रत्येक पावलाला मसावि काढला तर वेळ तिथेच जातो. शंभरेक फरकांचा गुणाकार साठवून एकदाच मसावि काढा. तो पूर्ण संख्याच आला तर दोन अवयव एकाच घासात आले असं समजा. त्या शंभर पावलांच्या सुरुवातीला परत जाऊन एकेक पाऊल टाका. क्ष² + क मध्ये क = ० आणि क = −२ टाळा, त्यांचा प्रवास हवा तसा विस्कळीत होत नाही.

अवयव सापडला की लगेच दिलेल्या संख्येला त्याने भागा आणि उरलेली संख्या पुन्हा पायरी ३ मध्ये घाला. उरलेली संख्या मूळ असू शकते, आणि तिच्यावर चार दिवस ईसीएम चालवणारे लोक आहेत.

६. पी-वजा-एक: एकदाच, पण नीट

ही पद्धत प हा अवयव तेव्हा शोधते जेव्हा प − १ चे सगळे अवयव लहान असतात. जवळून बघायला २^६७ − १ घेऊ, म्हणजे १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. तिचा लहान अवयव १९३७०७७२१. त्यातून एक वजा करा आणि फोडा: २³ × ३³ × ५ × ६७ × २६७७. सर्वात मोठा तुकडा २६७७, बाकीचे सगळे १०० च्या आत. म्हणून तुकड्यांची पहिली मर्यादा बी१ = १०० आणि एकट्या सर्वात मोठ्या तुकड्यासाठी दुसरी मर्यादा बी२ = ३००० एवढ्यावर नऊ अंकी अवयव हातात येतो. दुसरा अवयव ७६१८३८२५७२८७ या मर्यादांत सापडत नाही, म्हणून मसावि स्वच्छ मिळतो.

आता चूक कुठे होते ते बघा. स्वतःच्या प्रोग्राममध्ये आधार २ घेतलात तर मसावि म्हणून पूर्ण संख्याच परत येते, कितीही वेळा चालवा. कारण २ च्या ६७ व्या घाताला या संख्येने भागलं की बाकी १ च उरते, दोन्ही अवयवांच्या बाबतीत एकाच वेळी. आधार ३ घ्या, काम होतं. २^न − १ च्या घराण्यात आधार २ कधीच नको. आणि घात काढताना पायथॉनच्या पॉव (pow) फंक्शनला आधार, घातांक आणि भाजक असे तिन्ही आकडे द्या. आधी पूर्ण घात काढून मग बाकी घ्यायला गेलात तर रॅम भरून मशीन बसेल.

बी१ साधारण तुम्ही ईसीएमला शेवटी देणार असाल त्याच्या दहापट ठेवा. एकदाच चालवा, त्याच मर्यादेला दुसऱ्यांदा चालवून नवं काही मिळत नाही. पी-अधिक-एक (प + १ चे अवयव लहान असतील तेव्हा चालणारी तिची बहीण) मात्र वेगवेगळ्या सुरुवातींनी तीनदा, कारण प्रत्येक सुरुवातीला निम्मीच संधी असते.

७. ईसीएम: खरा घाम इथे

पी-वजा-एकला एकच डाव मिळतो. ईसीएममध्ये प्रत्येक कर्व्ह (वक्र) म्हणजे नवा डाव. अवयव किती अंकी असेल याचा अंदाज धरून बी१ ठरवतात आणि ठरावीक कर्व्ह चालवतात. जीएमपी-ईसीएमच्या नेहमीच्या मांडणीत सुमारे असं:

२५ अंकी: बी१ ५०,०००, कर्व्ह २१४
३० अंकी: बी१ २,५०,०००, कर्व्ह ४३०
३५ अंकी: बी१ १० लाख, कर्व्ह ९०४
४० अंकी: बी१ ३० लाख, कर्व्ह २,३५०
४५ अंकी: बी१ १ कोटी १० लाख, कर्व्ह ४,४८०
५० अंकी: बी१ ४ कोटी ३० लाख, कर्व्ह ७,५५३

वरून खाली जा, ओळ गाळू नका. थेट १ कोटी १० लाखांवर उडी मारली तर दोन गोष्टी होतात. लहान अवयवासाठी एका कर्व्हला गरजेच्या कितीतरी पट वेळ जातो. शिवाय दोन-तीन लहान अवयव एकत्र गुंतून येतात, आणि तो गुंता पुन्हा सोडवावा लागतो. हत्याराने «संयुक्त अवयव» असं सांगितलं तर ते अपयश नव्हे. तो तुकडा वेगळा काढून पायरी ३ पासून चालवा, सहसा मिनिटात सुटतो.

या आकड्यांचा अर्थ बहुतेकांना चुकीचा लागतो. ९०४ कर्व्ह झाल्या म्हणजे ३५ अंकी अवयव नाही असं सिद्ध झालेलं नसतं. तेवढ्या कर्व्हनंतरही असा अवयव निसटून गेलेला असण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के उरते. दुप्पट केल्या तर १३-१४ टक्के. म्हणून «३५ अंकांपर्यंत काही नाही» असं वहीत लिहू नका. «१० लाखाला ९०४ झाल्या» असं लिहा. पुढच्या ओळीच्या कर्व्ह चालताना मागचं निसटलेलंही सापडतं, त्यामुळे मागे फिरायची गरज नसते.

थांबायचं कुठे? संख्येच्या एकूण अंकांच्या साधारण तीन-दशांश अंकी अवयवापर्यंत. शंभर अंकी संख्येला ३० ची ओळ पूर्ण आणि ३५ ची थोडी. १२० अंकीला ३५ ची पूर्ण आणि ४० च्या ओळीतल्या काही. त्याच्या पुढे ईसीएमवर वेळ घालवणं चाळणीपेक्षा महाग पडतं. हे मोडणारे दोन्ही बाजूंना असतात, पण ईसीएम लवकर सोडणारे जास्त पस्तावतात.

सावधान: आठ कोअरवर आठ प्रती चालवताना सगळ्यांना एकच सिग्मा (कर्व्ह ठरवणारा आकडा) दिलात तर आठ जण एकच कर्व्ह आठदा चालवतात. सिग्मा देऊच नका, हत्यार स्वतः निवडतं. बी१ मोठा झाला की दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक प्रत भरपूर रॅम मागते. मशीन स्वॅपवर गेलं तर वेग रांगायला लागतो, म्हणून मेमरीची कमाल मर्यादा बांधून द्या.

८. चाळणी

चाळणी काय करते ते एका छोट्या संख्येवर बघा, म्हणजे पुढे ती अडली की कुठे अडली ते कळेल. १०५५३ घ्या. १०३² मधून ती वजा केली तर ५६ उरतात, म्हणजे २³ × ७. १०७² मधून वजा केली तर ८९६, म्हणजे २⁷ × ७. एकट्याने कुणीच वर्ग नाही, पण ५६ × ८९६ = ५०१७६ = २२४². आता १०३ × १०७ = ११०२१, त्याची १०५५३ ने बाकी ४६८. ४६८ − २२४ = २४४. २४४ आणि १०५५३ चा मसावि ६१. उत्तर ६१ × १७३.

मधले १०४ आणि १०६ निरुपयोगी ठरले, कारण त्यांचे फरक २६३ आणि ६८३ स्वतःच मूळ आहेत. अशा कामाच्या जोड्या लाखांनी गोळा करणं म्हणजे चाळणं, त्यातून वर्ग होईल असा संच निवडणं म्हणजे मॅट्रिक्सचं काम, आणि शेवटी वर्गमूळ व मसावि.

साधारण ९५ ते १०० अंकांपर्यंत याफूची क्वाड्रॅटिक चाळणी, त्यापुढे काडो-एनएफएस. क्वाड्रॅटिकला दर तीन अंकांमागे वेळ जवळजवळ दुप्पट होतो, एनएफएसला दर पाच अंकांमागे. आठ कोअरच्या बऱ्या मशीनवर १२० अंकांना काही तास, १४० ला काही दिवस आणि १५५ ला काही आठवडे धरून चाला.

काडो सुरू करण्याआधी कामाचा फोल्डर स्वतः नेमून द्या. नेमला नाही तर ते टेम्प फोल्डरमध्ये काम करतं, आणि बऱ्याच लिनक्स मशीनवर तो फोल्डर रीस्टार्टला पुसला जातो. सोसायटीचा मेन स्विच ट्रिप झाला की सहा दिवसांचं चाळलेलं गेलं. फोल्डर सुरक्षित असेल तर त्यातली पॅरामीटर्स-स्नॅपशॉट फाइल देऊन तेच काम जिथे थांबलं तिथून पुढे चालू होतं. सुरुवात केल्यावर अर्ध्या तासाने मुद्दाम थांबवून एकदा हे करून बघा. याफूमध्ये त्याच फोल्डरमधून तीच संख्या पुन्हा दिली की तो साठवलेल्या जोड्या उचलतो.

एनएफएसमध्ये चाळणी ज्या सूत्रावर चालते ती बहुपदी निवडण्याचा टप्पा कंटाळवाणा असतो, पण तो मध्येच तोडू नका. वाईट बहुपदी घेऊन वाचवलेला तास चाळताना कित्येक पटींनी भरावा लागतो. गाळणीच्या टप्प्यात जोड्या अपुऱ्या आहेत असा संदेश आला तर घाबरू नका, काडो स्वतःच आणखी चाळायला परत जातं. शेवटच्या मसाविमध्ये १ किंवा पूर्ण संख्या आली तर तो संच वाया गेला एवढंच. प्रत्येक संचाला निदान निम्मी संधी असते, पुढचा घ्या. मात्र मॅट्रिक्स किंवा वर्गमूळ पुन्हा पुन्हा चूक दाखवून बंद पडत असेल तर दोष रॅममध्ये शोधा.

पायरी ४ मध्ये २^न − १ सारखं घराणं सापडलं असेल तर विशेष एनएफएसचा पर्याय आहे. तिथे अवघडपणा घराण्यातल्या सुरुवातीच्या पूर्ण संख्येच्या लांबीवर ठरतो, उरलेल्या तुकड्याच्या नाही. १८० अंकांचं विशेष काम सर्वसाधारण एनएफएसच्या सुमारे १३० अंकांइतकं पडतं. तेव्हा उरलेला तुकडा ११० अंकीच असेल तर सर्वसाधारण पद्धत स्वस्त, आणि तो १५० अंकी असेल तर विशेष.

९. उत्तर तपासणं

सगळे अवयव गुणून दिलेल्या संख्येशी अंक-अंक जुळवा, तुमच्या फाइलमधल्या नव्हे, स्रोतातल्या. वरच्या उदाहरणात १९३७०७७२१ ची ९ ने बाकी १, ७६१८३८२५७२८७ ची बाकी १, आणि १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ची बाकीही १. हाताने इतकं बघायला मिनिट लागतं.

मग प्रत्येक अवयव खरंच मूळ आहे का ते बघा. पारीची अवयव पाडणारी आज्ञा मोठे अवयव मुळात «बहुधा मूळ» एवढ्यावर थांबते. सिद्धता हवी असेल तर प्रत्येक अवयवाला वेगळी ईज-प्राइम (isprime) आज्ञा द्या. एखादा संयुक्त निघाला तर तो एकटा पायरी ३ ला न्या. वहीत संख्या, प्रत्येक पायरीच्या मर्यादा, कर्व्हचा आकडा आणि अवयव कोणत्या पायरीला सापडला ते लिहा, आणि चाळलेल्या जोड्यांचा फोल्डर सिद्धता पूर्ण होईपर्यंत पुसू नका.